अंगणातल्या फणसातला खिळा

२०१७ सालच्या एप्रिलमध्ये, एका शुक्रवारी दुपारी, पनवेलजवळच्या खाडीकाठच्या एका गावात आमच्या फिरत्या आरायंत्राची पट्टी तुटली. यंत्र तेव्हा धर्माकाकांच्या अंगणातल्या फणसाचं खोड चिरत होतं. कोणाला लागलं नाही. खोडात खिळा होता.

धर्माकाका मासेमारी करणारे. त्यांचं गाव विमानतळासाठी घेतलेल्या जमिनीत येत होतं. घरं उठणार होती आणि सखल जमिनीवर भराव पडणार होता. काकांना बदलीचा भूखंड करंजाड्याच्या बाजूला मिळाला होता. तिथे जोतं तयार होतं. फणस तोडायची परवानगी रीतसर घेतलेली होती. त्यांच्या पत्नी जनाकाकी यांची मागणी एकच होती: नव्या घराच्या पुढच्या दाराची चौकट या फणसाची हवी. चौकट उभी करायचा मुहूर्त सोमवारचा होता. तोवर लाकूड निघालं नाही, तर गवंडी ग्रॅनाइटची चौकट लावून भिंती उचलणार होता. फणस एकच होता आणि त्याचं सरळ खोडही एकच.

पुढचं समजायला यंत्राची माहिती लागेल.

मी आधी एका दैनिकाचा पनवेलचा वार्ताहर होतो. दैनिकाने स्थानिक पान बंद केलं तेव्हा मेहुण्याच्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये गेलो. ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे हे तिथलं काम. तिथे सॅमसन पेणकर भेटले. ते बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातले, गोदीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे निम्मे नातेवाईक इस्रायलला गेले होते. ते स्वतः पनवेलचं पाणी सोडायला तयार नव्हते. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी मावळेपर्यंत ते हत्याराला हात लावत नसत. बाकीच्या वेळी हत्यार त्यांच्या हातातून सुटत नसे.

यंत्राची कल्पना एका वखारवाल्याची. पावसाळ्यात झाडं पडतात, मोठं खोड अरुंद गल्लीतून वखारीपर्यंत आणता येत नाही, मालक ते सरपणाला तोडून टाकतो. वखारवाला म्हणाला, लाकूड गिरणीकडे येत नसेल तर गिरणी लाकडाकडे न्या. परवाना त्याच्या वखारीचा होता, कागदपत्रं तो पाहायचा. यंत्र आमच्याकडे होतं.

वखारीतल्या आऱ्यात पट्टी उभी फिरते आणि लाकूड गाडीवरून तिच्याकडे जातं. आमच्या यंत्रात उलट. खोड जमिनीवरच्या लोखंडी चौकटीत पक्कं बांधायचं. चौकटीच्या दोन्ही कडांना रूळ. रुळांवरून एक गाडा ढकलत न्यायचा. गाड्यावर दोन चाकं, त्यांच्याभोवती दातेरी पोलादी पट्टी, आणि पट्टी फिरवायला इंजिन. पट्टी आडवी चालते. गाडा खोडावरून पुढे गेला की फळी सुटते. मग गाडा मागे आणायचा, दोन उभ्या स्क्रूंनी खाली उतरवायचा, पुन्हा पुढे. दोन्ही स्क्रू सारखे फिरावेत म्हणून त्यांना एका सायकलच्या साखळीने जोडलं होतं. ही साखळी लक्षात ठेवावी.

बहुतेक माल कळंबोलीच्या भंगारातून आला. इंजिन मोडीत काढलेल्या टेम्पोचं, पट्टी ताणायला ट्रकचा जॅक. पहिली चाकं मोटारीची होती, टायरसकट. पट्टी त्यांच्यावर टिकेना. चालू केली की कडेला सरकायची आणि उडायची. सॅमसनभाऊंनी मग ओतीव लोखंडाची चाकं लेथवर उतरवून घेतली, मध्ये किंचित फुगीर, आणि त्यांच्यावर रबराचा पातळ थर चढवला. फिरती पट्टी नेहमी चाकाच्या उंच भागाकडे चढते. चाक मध्ये उंच असेल तर ती मध्येच राहते. राहिलेली चूक दुसरं चाक केसभर तिरकं करून काढायची. पट्टीवर पाणी ठिबकत राहावं लागतं, नाहीतर ती तापून लांबते. त्यासाठी सलाईनची नळी वापरली. तिच्यावरच्या चाकाने थेंब कमीजास्त करता येतात. वर्कशॉपमध्ये येणारा प्रत्येकजण विचारायचा, "पेशंट कसा आहे?" सॅमसनभाऊ दर वेळी तेच उत्तर द्यायचे, "आज काहीतरी खाल्लंय."

यंत्र बनवायला जेवढा वेळ लागला त्याहून जास्त ते लावून घ्यायला लागला. लावणं म्हणजे पट्टी सरळ चालेल असं करणं. फळी लाटांसारखी निघाली तर पाच जणांवर संशय घ्यायचा: पट्टीचा ताण, दातांची धार, दातांचा आळीपाळीने दोन्हीकडे दिलेला कल, पट्टीला दाबून धरणारे छोटे रोलर, आणि ढकलणाऱ्याची घाई. सॅमसनभाऊ एका वेळी एकच बदलायचे. मी एकदा ताण आणि रोलर दोन्ही एकदम बदलले आणि फळी सरळ निघाली. ते म्हणाले, "छान. आता सांग, कशामुळे?" त्यांनी दोन्ही पूर्ववत करायला लावलं.

गिऱ्हाइकं तऱ्हेवाईक मिळाली. नवीन पनवेलमधल्या एका निवृत्त बँक मॅनेजरांच्या गाडीवर गुलमोहर पडला होता. त्याच गुलमोहराचं जेवणाचं टेबल त्यांना हवं होतं. "त्याने माझी गाडी खाल्ली, आता मी त्याच्यावर जेवणार." गुलमोहराचं लाकूड मऊ, लवकर किडणारं, हे त्यांना सांगितलं. त्यांनी टेबल करवून घेतलं. पुढच्या वर्षी टेबलाच्या पायांतून भुसा पडू लागला, तेव्हा फोन आला: "ते अजून खातंय." ओवे गावात एका चिंचेच्या बुंध्याच्या पोटात दगड निघाला. फांदीच्या बेचक्यात कधीतरी ठेवलेला, झाडाने गिळलेला. घरमालकांनी तो धुऊन तुळशीपाशी ठेवला. आमची पट्टी गेली.

वखारी अंगणातलं झाड घेत नाहीत, ते यामुळेच. जंगलातल्या झाडात लोखंड नसतं. अंगणातल्या झाडाला माणसं दोरीसाठी, पाटीसाठी, दिव्याच्या वायरसाठी खिळे मारतात आणि विसरतात. साल वाढते, खिळा आत जातो. सगळ्या वखारींनी नाही म्हटलेली कामं आमच्याकडे यायची. धर्माकाकांचा फणस तसाच आला.

गुरुवारी यंत्र टेम्पोतून गावात नेलं. शेवटचा रस्ता बांधावरचा, खड्ड्यांचा. खोड आधीच पाडून, फांद्या उतरवून ठेवलेलं होतं. बुडखा घराकडे, शेंडा खाडीकडे.

सॅमसनभाऊंनी पहिला प्रश्न विचारला, "काका, खिळे किती?"

"हायेत की," काका म्हणाले. "जाली टांगाला मारलेले. आन एक माज्या लग्नाचा. मांडवाचा दोर बांधाला."

"कुठे मारलेला?"

काकांनी हात कपाळाच्या वर नेला. "हितं. पन तो आता हितं नसंल. झाड वाडला ना. खिळा पन वर गेला असंल."

"खिळा वर जात नाही, काका."

"का? झाड जातंय ना?"

सॅमसनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मलाही काकांचं पटलं होतं, असं मी त्यांना सांगितलं. ते फक्त म्हणाले, "वार्ताहर." नक्की त्यांनाही ठाऊक नव्हतं.

खिळे शोधायला काकांच्या मुलाने, निलेशने, उपाय आणला. तो एका मॉलमध्ये सिक्युरिटीत होता. आत येणाऱ्यांच्या अंगावरून फिरवतात तो दांडा त्याने साहेबांना विचारून आणला. गणवेशाशिवाय, पण सवयीच्या गंभीर चेहऱ्याने, त्याने फणसाची झडती घेतली. जनाकाकी पायरीवरून पाहत होत्या.

"खिसं पन बघ रं," त्या म्हणाल्या.

वरच्या भागात दांडा सहा-सात ठिकाणी वाजला. ते खिळे पकडीने आणि छिन्नीने काढले. काका खूश झाले: "बोललो नव्हतो? वर गेले." खालच्या भागात दांडा गप्प राहिला. तिथे लाकूड जाड होतं आणि दांड्याची पोच थोडी. हे आमच्या लक्षात आलं नाही. वरचे खिळे नंतर, शिडी लावून, दिव्यांच्या माळेसाठी मारलेले होते, असं निलेशला शनिवारी आठवलं.

आमच्याकडे तीन पट्ट्या होत्या. नवीन पट्टी मुंबईहून जोडून आणावी लागे आणि ती मंगळवारच्या आत येणार नव्हती.

पहिली पट्टी चिकाने संपवली. ओल्या फणसाचा चीक भुशात मिसळून पट्टीवर डिंकासारखा बसला, पट्टी जाड झाली, तापली, दात बोथट झाले. जनाकाकी उठून खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या.

"तेल लावा. फनस कापताना हाताला लावतो तसा."

"काकी, तेल लावलं तर पट्टी चाकावरून घसरेल," सॅमसनभाऊ म्हणाले. "चाकाला रबर आहे."

"मंग साबन लावा. हात तरी कशानं धुनार?"

सलाईनच्या पाण्यात भांड्याचा साबण घातला. दुसरी पट्टी स्वच्छ चालली. शुक्रवारी सकाळी खोडाच्या दोन बाजू सपाट झाल्या. आतलं लाकूड हळदीसारखं पिवळं होतं. काका त्यावरून तळहात फिरवत राहिले. कोणी त्यांना बाजूला हो म्हटलं नाही.

दुपारी तिसऱ्या बाजूचा काप सुरू झाला. याच सपाटीतून चौकटीचे दोन्ही उभे खांब निघणार होते. गाडा अर्ध्याच्या पुढे गेला असताना आवाज बदलला आणि पट्टी तुटली. तुटलेल्या जागी निलेशने दांडा बाजूने लावला. तो वाजत राहिला.

आम्ही वरून छिन्नीने खोदून पाहिलं. चार धारांचा लांब लोखंडी खिळा, होडी बांधताना वापरतात तो, आरपार खाली गेलेला. वरचा भाग कापाच्या वर, टोक खांबाच्या लाकडात. बुडख्यापासूनची उंची काकांनी गुरुवारी दाखवली होती जवळजवळ तीच. तो कुठेही गेला नव्हता.

गवंडी बशीर मिस्त्री तेव्हाच मोजमाप घ्यायला आला होता. तो खोडाभोवती एक फेरी मारून म्हणाला, "उपटून काढा ना."

"होडीचा खिळा हाय," काका म्हणाले. "निघासाठी मारत नसतात."

"मग काप खाली घ्या, खिळ्याच्या खालून कापा."

"खाली घेतला तर जाडी पुरत नाही," सॅमसनभाऊ म्हणाले. "एकच खांब निघेल."

"सॅमसनभाई, माझी माणसं सोमवारी येतात. ती काय हवेत भिंत चढवणार? ग्रॅनाइट सांगून ठेवू का, बोला."

जनाकाकी पायरीवरून उठल्या आणि घरात गेल्या. भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. काका हलक्या आवाजात म्हणाले, "भांडी सकालीच घासलीत तिनं."

सूर्य खाडीकडे कलला तेव्हा सॅमसनभाऊंनी पाने पुसून पेटीत ठेवले. काकांना म्हणाले, "रविवारी सकाळी येतो." काकांना शनिवारचं कारण माहीत होतं. बशीरलाही. त्याने फक्त विचारलं, "आणि तोवर?"

"शनिवारी माझा हात बंद असतो. डोकं चालू असतं."

शनिवारी मी गावात गेलो नाही. सॅमसनभाऊंच्या घरीही गेलो नाही. जायची पद्धत नव्हती.

रविवारी सकाळी ते आले ते उपाय ठरवूनच. खिळ्यापर्यंत काप आलेला आहे. आता खोड वळवायचं, बुडखा शेंड्याच्या जागी, आणि दुसऱ्या टोकाकडून खिळ्यापर्यंत कापायचं. मध्ये खिळ्याभोवती चार बोटं लाकूड राहील, ते छिन्नीने काढायचं. खिळ्याला पट्टी लागणारच नाही.

"एवढंच?" बशीर म्हणाला.

"एवढंच नाही. दोन्ही काप एका पातळीत भेटले पाहिजेत. नाहीतर मध्ये पायरी पडेल. खांबात पायरी चालेल तुला?"

"नाही चालणार."

अडचण इथे होती. पट्टीची एक बाजू दुसरीपेक्षा जराशी खाली असेल, तर रोजच्या कामात फळी किंचित तिरकी निघते आणि सुतार ती रंध्याने सावरतो. पण खोड फिरवलं की डावी बाजू उजवीकडे जाते आणि चूक दुप्पट होते. आम्ही तोवर खोड असं कधीच फिरवलं नव्हतं. यंत्र किती खरं आहे याची परीक्षा कधी झालीच नव्हती.

रुळांची पातळी बघायला आमच्याकडे छोटी लेव्हल होती. सॅमसनभाऊंनी ती बाजूला ठेवली. "मिस्त्री, तुझी पाण्याची नळी दे."

गवंडी लोक जोत्याच्या चार कोपऱ्यांची पातळी पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने घेतात. दोन टोकांतलं पाणी आपोआप सारखं उभं राहतं. बशीर एका टोकाला, सॅमसनभाऊ दुसऱ्या. बशीर प्रत्येक ठिकाणी "बस, बस" म्हणत होता आणि सॅमसनभाऊ "अजून." रूळ एका कोपऱ्यात खचलेला निघाला, तिथे पत्र्याचे तुकडे सारले. मग पट्टीपासून खालच्या चौकटीपर्यंतचं अंतर दोन्हीकडून मोजलं. डावीकडे कमी भरलं.

सॅमसनभाऊंनी साखळीवरचं झाकण काढलं. डाव्या स्क्रूवर साखळी एक दात पुढे बसली होती. बांधावरच्या खड्ड्यांत सरकली, पट्टी तुटली तेव्हा झटक्याने सरकली की त्याआधीच कधीतरी, हे लगेच समजलं नाही. शुक्रवारचा काप तिरका होता की नाही, ते त्यावर ठरणार होतं. त्यांनी नळीची दोन टोकं कापाच्या खाचेशी, खोडाच्या दोन्ही बाजूंना धरायला लावली. काप तिरका नव्हता. म्हणजे साखळी पट्टी तुटताना सरकली होती. त्यांनी साखळी एक दात मागे घेतली, पुन्हा मोजलं, आणि शेवटची पट्टी चढवली. ताण दिल्यावर ती नखाने वाजवून पाहिली. दोनदा सैल केली, तिसऱ्यांदा तशीच ठेवली.

खोड फिरवायला गावातली माणसं आली. पहारींनी, दोरांनी, होडी ओढताना देतात त्या आरोळीवर. बुडखा खाडीकडे गेला.

काप सुरू करण्याआधी खिळ्याच्या अलीकडे सालीवर खडूची रेघ ओढली. जनाकाकी पुन्हा पायरीवर येऊन बसल्या.

"काय पत्रकार," त्या मला म्हणाल्या, "तुमच्या बातमीवानी अर्ध्यात सोडू नका."

गाडा मी ढकलत होतो, सॅमसनभाऊ पट्टीकडे पाहत चालत होते. रेघेपाशी त्यांनी हात वर केला. इंजिन बंद केलं, पट्टी सैल करून मागे काढली. मग हातकरवतीने वरचं लाकूड खिळ्याच्या दोन्ही बाजूंना आडवं कापलं आणि राहिलेला ठोकळा चौकट करायला बोलावलेल्या सुताराने छिन्नीने काढला. त्यात निलेशने दर थोड्या वेळाने दांडा लावून पाहिला. त्याची गरज नव्हती.

ठोकळा निघाला तेव्हा खिळा दोन बोटं वर उभा होता, मूळच्या चपट्या डोक्यासकट. त्याच्याभोवती पिवळ्या लाकडात काळसर वर्तुळ होतं. सॅमसनभाऊंनी दोन्ही कापांवरून सरळ मोजपट्टी फिरवली, मग बोट. बशीरने त्यांच्या मागून बोट फिरवलं.

"मिळाला," तो म्हणाला. "ग्रॅनाइटवाल्याला नको म्हणून फोन करतो."

काका पकड घेऊन आले. "आता ह्याला कापून टाकू. ग्रायंडर आना."

"राहू दे," जनाकाकी म्हणाल्या.

"दारात खिळा? लोकं काय बोलतील?"

"दाराशी काय तरी टांगाला लागतंच."

"काय टांगशील?"

"तुमाला."

खांब, माथ्याचं आडवं लाकूड आणि उंबरा संध्याकाळपर्यंत निघाले. शेवटची पट्टी शाबूत राहिली. सुताराने रात्रभरात चौकट जोडली, खिळ्याच्या बाजूने रंधा न फिरवता.

सोमवारी मुहूर्ताला आम्ही दोघे होतो. बशीरने खांब हातात घेऊन विचारलं, कुठली बाजू खाली. काका आणि सुतार एकदम म्हणाले, बुडख्याची. झाड जसं उभं होतं तसंच लाकूड उभं करायचं, ही या भागातली रीत आहे. त्यामुळे खिळा जमिनीपासून पुन्हा जुन्याच उंचीवर आला. काका त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. आता हात गुरुवारपेक्षा थोडा जास्त वर न्यावा लागला. "खिळा वर गेला," ते म्हणाले. काकी हळद-कुंकू लावत होत्या. न वळता म्हणाल्या, "तुमी खाली गेलात."

त्या वर्षानंतर यंत्राला कामं कमी होत गेली. पाडण्यासारखी मोठी झाडं ज्या गावांत होती ती गावंच उठत होती. सॅमसनभाऊ पुढच्या वर्षी मुलीकडे इस्रायलला गेले. जाण्याआधी त्यांनी सायकलची साखळी काढून तिच्या जागी जाड साखळी बसवली. अशी आधीच बसवायला हवी होती, असं ते म्हणाले. यंत्र वखारीच्या मागे ताडपत्रीखाली आहे. पट्टी सैल करून ठेवलेली आहे.

२०१९ च्या पावसाळ्यात करंजाड्याच्या बाजूला काम होतं म्हणून काकांच्या घरी गेलो. घर एकमजली, दार उघडं होतं. काका झोपले होते. काकींनी चहा केला. चौकटीला पॉलिश केलेलं आहे, काप जिथे मिळाले तिथे बोटाला काही लागत नाही. खिळा डाव्या खांबात आहे. त्यावर काकांची छत्री टांगलेली होती.